उडत्या गालिच्यावरचा तबला

धामणगाव बढे (जि. बुलढाणा), डिसेंबर १९७२

थंडी आधी तळपायांना कळते. काळी माती भेगाळलेली. डिसेंबर असूनही रानात कापूस वेचणाऱ्या बायकांचा गलका नाही. यंदा पावसानं महाराष्ट्रभर पाठ फिरवली आहे. रेशनच्या दुकानातून आलेला लाल मिलो घरोघरच्या टोपलीत शिरला आहे. त्याची भाकर थापताना फुटते आणि खाताना घशाशी अडते. माणसं दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून परतली आहेत. तरी जेवणं उरकली तसा देवळाच्या ओट्यावर कंदील आला, पाठोपाठ पेटी, टाळ आणि मृदंग.

तुम्ही खांबाला टेकून उभे आहात. अंगावर पन्नास वर्षं पुढचे कपडे, खिशात मोबाइल. कुणी काही विचारत नाही. पागोटंवाला एक म्हातारा सरकून जागा करून देतो.

"बसा नं भाऊ, उभे काहून?"

तुम्ही मांडी घालता. मृदंगवाला फडक्याच्या पुरचुंडीतून कणकेचा गोळा काढतो, पाण्याचा हात लावून मळतो आणि मृदंगाच्या डाव्या पुडीवर थापतो. कणकेशिवाय त्या बाजूला खर्ज येत नाही. गहू डोळ्यांना दिसेनासा झालेल्या साली कुणाच्या तरी घरून ही मूठभर कणीक आली आहे. तिची पोळी झाली नाही, ती ठेक्याला दिली गेली.

भजनी ठेका सुरू होतो. आठ मात्रा. पहिलं पद संथ, दुसऱ्याला टाळ पेटतात, तिसऱ्याला बसल्या जागी खांदे हलू लागतात. मग पेटीवाला वेगळंच पद धरतो, मृदंगाचे बोल बदलतात आणि तुमचा हात चुकतो. आठव्या मात्रेवर टाळी द्यायला जाता, तर सम केव्हाच येऊन गेलेली असते. म्हाताऱ्याला तुमची फजिती दिसते. तो बोटांच्या पेरांवर मोजून दाखवतो: तीन, दोन, दोन. सात. म्हणजे रूपक.

"मोजू नका जास्त," तो म्हणतो. "आंग हालू द्या. आपोआप येते."

हे सात जपून ठेवा. याच वर्षी, समुद्रापलीकडच्या इटलीत, विशी-पंचविशीतली पोरं विजेच्या गिटारी गळ्यात अडकवून याच हिशेबाशी झटत आहेत. रॉकचं बहुतेक गाणं चार मात्रांच्या सरळ चालीनं जातं. या पोरांना पाच हव्यात, सात हव्यात, एकाच गाण्यात तीनदा लय मोडायची आहे. तीन मिनिटांचं गाणं त्यांना पुरत नाही. तबकडीची अख्खी बाजू व्यापणारी रचना हवी, तीत चर्चमधला ऑर्गन हवा, बासरी हवी, ऑपेराचा गळा हवा. लोक याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. जन्म इंग्लंडमधला, पण १९७२ साली त्याला सगळ्यात आपुलकीनं ऐकणारा देश इटली आहे. 'व्हॅन डर ग्राफ जनरेटर' हा इंग्रजी बँड मायदेशात मूठभर लोकांना ठाऊक. त्याची 'पॉन हार्ट्स' ही तबकडी इटलीत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली आहे.

तिकडे जायचं तर वाट मुंबईवरूनच जाते. मलकापूरला रेल्वे आहे. गाडीत बसा आणि एक वर्ष मागे उतरा.

मुंबई, १९७१

षण्मुखानंद सभागृहात आज गाणं ऐकायला आलेल्यांचे केस कानाखाली उतरले आहेत आणि विजारी पायघोळ आहेत. एरवी याच रंगमंचावर शास्त्रीय गाण्याच्या बैठका होतात. आज 'सिमला बीट' स्पर्धा आहे. सिमला ही सिगारेट. ती बनवणारी कंपनी देशभरातले बँड गोळा करते आणि निवडक गाण्यांची तबकडी काढते. शिलाँगचे 'फेन्टोन्स', कलकत्त्याचे 'ग्रेट बेअर', मद्रासचे 'कन्फ्युजन्स', मुंबईचे 'व्हेल्व्हेट फॉग'.

पडदा सरकतो आणि कर्ण्यांतून शिट्टी फुटते. परदेशी वाद्यांवर जबर कर, त्यामुळे अर्धी सामग्री उसनी किंवा जुळवलेली. पण पोरांच्या बोटांत बळ आहे. ढोलावर बसलेला मुलगा डोळे मिटून वाजवतोय. तुम्हाला मजा येते, पायही हलतो. तिसऱ्या-चौथ्या बँडनंतर मात्र तुमच्या ध्यानात एक गोष्ट येते. मुलं शिलाँगची, मद्रासची, गिरगावची. गाणं सगळ्यांचं इंग्रजीत. एकाचीही आई घरी ज्या भाषेत हाक मारते, ती भाषा ध्वनिक्षेपकापर्यंत पोचत नाही.

'व्हेल्व्हेट फॉग'साठी गाणाऱ्यांतला एक मुलगा नंदू भेंडे. वडील आत्माराम भेंडे, मराठी रंगभूमीवरचं मोठं नाव. घरात मराठी नाटकाचे संवाद घुमत असतात आणि हा मुलगा लंडनच्या ढंगात गातो, तेही झकास. तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, दिग्दर्शक अलेक पदमसी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' मुंबईत आणतील तेव्हा जुडास हाच होईल. नंदूला नावं ठेवू नका. त्या काळी रॉक करायचं म्हणजे इंग्रजीतच, असं सगळ्यांनाच वाटत होतं. लंडनमध्ये वाटत होतं, टोकिओत वाटत होतं. मिलानमध्येही कालपरवापर्यंत गाणं उसनंच होतं. तिथे इंग्रजी गाण्यांच्या इटालियन नकला करून बँड पोट भरत होते.

मग तिथे काय बदललं, ते बघू.

मिलान, १९७२

सकाळचे सात वाजले असावेत, पण उजेड पडलेला नाही. पो नदीच्या सपाट मैदानावरचं धुकं शहरात शिरलं आहे. ट्रामचा दिवा आधी दिसतो, ट्राम मागून. तुम्ही एका तबकड्यांच्या दुकानात शिरता आणि काउंटरवरचा मुलगा काही न विचारता एक तबकडी लावतो: 'स्तोरिया दि उन मिनुतो'. बँडचं नाव 'प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी'. पुढे सगळं जग त्याला पीएफएम म्हणेल. नाव आलं आहे ब्रेशाजवळच्या किआरी गावातल्या एका बेकरीवरून. बँडमध्ये बासरी आणि व्हायोलिन वाजवणारा मावरो पागानी त्याच गावचा.

गाणं आहे 'इम्प्रेस्सिओनी दि सेत्तेंब्रे'. म्हणजे सप्टेंबरमधली एक पहाट. दव पडलंय, धुकं आहे, शेत आहे, त्यात एक माणूस चालतो आहे आणि आपण कोण हे त्याला नीटसं उमगत नाही. हळू आवाजात, गिटारीच्या तारा मोजून छेडत गाणं चढत जातं. आता ध्रुवपद येणार म्हणून तुम्ही कान टवकारता. ध्रुवपदाला शब्दच नाहीत. गळा थांबतो आणि मूग नावाच्या नव्या यंत्राचा स्वर उसळतो. हे यंत्र विजेच्या लहरींतून स्वर घडवतं. इटलीत ते अजून फार कुणी ऐकलेलंही नाही. सगळ्यात आधुनिक यंत्र, आणि ते वाजतंय कशासाठी, तर शेतातल्या पहाटेसाठी.

इथे थांबून विचार करा. यंत्र अमेरिकेचं, बांधणी इंग्लंडची. पण विषय, भाषा आणि सूर उचलण्याची लकब पूर्ण स्थानिक. याच तबकडीवरचं 'ए फेस्ता' लावलंत तर गावच्या जत्रेतला नाच धावत येतो. फ्रान्को मुस्सिदाची गिटार आणि फ्रान्झ दि चोच्योचे ढोल ही जोडी आधी दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रणांत भाड्यानं वाजवायची. दुसऱ्यांची गाणी वाजवून वाजवून हात तयार झाला, आणि त्या तयार हातांनी त्यांनी स्वतःचं गाणं केलं.

मोह त्यांनाही सुटला नाही. इंग्लंडच्या ग्रेग लेक या रॉक गायकानं त्यांना ऐकलं, आपल्या मॅन्टिकोर कंपनीत घेतलं. गीतकार पीट सिनफील्डनं इंग्रजी शब्द लिहिले आणि १९७३ मध्ये 'फोटोज ऑफ घोस्ट्स' निघाली. अमेरिकेच्या विक्री-यादीत हे नाव झळकलं, दौरे झाले. ती तबकडी ऐका आणि मग मूळ इटालियन ऐका. सूर तेच, वादन तेच, पण इंग्रजी गाताना गायकाची जीभ जपून पाय टाकते. आपल्या भाषेत ती बेफिकीर होती.

रोमला एक धावती फेरी मारा. तिथे 'बान्को देल मुतुओ सोक्कोर्सो' हा बँड आहे. विट्टोरिओ आणि जान्नी हे नोचेन्झी बंधू समोरासमोर दोन कळवाद्यांवर बसतात. मध्ये फ्रान्चेस्को दि जाकोमो उभा राहतो, धिप्पाड, दाढीवाला, आणि तोंड उघडतो तेव्हा रॉकचा गायक न वाटता ऑपेराचा नायक वाटतो. पहिल्या तबकडीचं वेष्टन मातीच्या गल्ल्याच्या आकाराचं, पैसे टाकायच्या फटीसकट. त्याच वर्षाच्या अखेरीस 'दार्विन!' येते: उत्क्रांतीवर बेतलेली सबंध तबकडी. वाद्यं परदेशी, पण नाटकीपणा अस्सल घरचा. ऑपेरा ज्या देशात जन्मला तिथल्या पोरांनी विजेच्या वाद्यांवर शेवटी ऑपेराच केला.

ही हिकमत आपल्याकडे कुणालाच कशी सुचली नाही, असा प्रश्न आता तुमच्या ओठांवर येईल. सुचली होती. फक्त तुम्ही चुकीच्या सभागृहात बसला होतात.

पुणे, १६ डिसेंबर १९७२

भरत नाट्य मंदिर, सदाशिव पेठ. पडदा उघडतो आणि समोर माणसांची भिंत. रांगेत उभे ब्राह्मण डोलू लागतात, गाऊ लागतात, आणि बघता बघता भिंत फुटून तिचा दरबार होतो, गल्ली होते, जमाव होतो. 'घाशीराम कोतवाल'चा हा पहिला प्रयोग. लेखन विजय तेंडुलकर, दिग्दर्शन जब्बार पटेल, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद, संगीत भास्कर चंदावरकर.

डोळे मिटा आणि नुसतं ऐका. कीर्तनातून लावणीत उडी, लावणीतून अभंगात. लय एकदम मोडते, टाळ थांबतात, एक आवाज उरतो, पुन्हा सगळा समूह अंगावर येतो. देवाचं नाव घेत घेत दहशत उभी राहते. छोटी-छोटी गाणी सुटी नाहीत, सगळा प्रयोग ही एकच लांब रचना आहे. मिलान आणि रोमच्या पोरांना जे हवं होतं, ते सगळं इथे आहे: अनेक घराण्यांचा मेळ, मोडती लय, समूहस्वर, राजकारण. विजेची गिटार तेवढी नाही. तिच्यावाचून काही अडलेलं नाही.

चंदावरकर सतारीचे वादक, पाश्चात्त्य संगीताचेही जाणकार. त्यांना दोन्ही वाटा ठाऊक होत्या आणि त्यांनी मातीकडची धरली. एकोणीस प्रयोगांनंतर वादापायी नाटक करणाऱ्या संस्थेनं ते थांबवलं. मग मंडळींनी थिएटर अकादमी काढली आणि १९७४ मध्ये ते पुन्हा उभं केलं. पुढे ते युरोपात गाजलं, शब्द न कळणाऱ्यांपुढेही. १९७८ मध्ये याच अकादमीनं पु. ल. देशपांड्यांचं 'तीन पैशाचा तमाशा' केलं, तेव्हा रंगमंचावर नंदू भेंडे आला. इंग्रजीत घडलेला रॉकचा गळा, आणि आता मराठी शब्द. प्रेक्षकांना उलगडा झाला की या गळ्यात मराठी उत्तम मावते. फक्त तोवर कुणी मागितली नव्हती.

मुंबई, १९६५ आणि पुढे

आता पुन्हा मुंबईला या, पण सभागृहात जाऊ नका. घरात या. इथे शोभा गुर्टू गातात. जन्म बेळगावचा, माहेरचं नाव भानुमती शिरोडकर. आई मेनकाबाई नर्तकी आणि अल्लादिया खाँसाहेबांकडे गाणं शिकलेल्या. शोभाताईंना भुर्जी खाँ, नत्थन खाँ आणि घम्मन खाँ यांची तालीम. ठुमरीची नजर घम्मन खाँसाहेबांनी दिली. सासरे नारायणनाथ गुर्टू अभ्यासक आणि सतार वाजवणारे. अशा घरात कुणाही मुलाच्या कानाला सुट्टी नसते.

ठुमरी सुरू आहे, दीपचंदीत. चौदा मात्रा: तीन, चार, तीन, चार. धामणगावच्या ओट्यावरचे सात आठवा. हे त्याचेच दुप्पट, फक्त चाल सावकाश. गळा एका शब्दाभोवती घुटमळतो, तोच शब्द एकदा लाडानं, एकदा रुसून, एकदा हरून म्हणतो. तबला जागा राखून असतो. शेवटी शोभाताई मुखड्यावर येतात, तोच तो परत घेतात, आणि तबलजीला वाट मोकळी होते. लग्गी! एवढा वेळ आवरून धरलेले हात सुटतात.

कोपऱ्यात बसलेला शोभाताईंचा मुलगा त्या हातांकडे टक लावून आहे. त्रिलोक, जन्म ३० ऑक्टोबर १९५१. सहाव्या वर्षापासून तबला, गुरू शाह अब्दुल करीम. चौदाव्या वर्षाच्या आसपास भाऊ रवीला घेऊन त्यानं तालवाद्यांचा स्वतःचा गट काढला आहे.

याच मुलाच्या हाती पुढे पाश्चात्त्य तबकड्या लागतात. तो त्या ऐकतो आणि वाजवून बघतो. त्याला एक गोष्ट कुणी सांगितलेली नसते: स्टुडिओत एकावर एक थर चढवून ध्वनिमुद्रण करतात, एकच वादक चारदा वाजवतो आणि ते सगळं एकत्र ऐकू येतं. याला वाटतं, ऐकू येतंय ते सगळं एकाच माणसानं एकाच दमात वाजवलं आहे. मग आपल्याला का जमू नये? तो सगळे आवाज दोनच हातांत बसवायला लागतो. पुढे त्यानंच हे सांगितलं: अशी मेहनत जाणत्या वादकानं कधी केलीच नसती. अज्ञानाचा इतका सुरेख फायदा क्वचितच कुणाला झाला असेल.

पण १९७०च्या मुंबईत या हातांचं करायचं काय? गिटारवाल्या बँडना इंग्रजी ढोल हवे होते, मैफिलींना साथीचा तबला हवा होता. दोन्ही एकत्र मागणारं कुणी दिसत नव्हतं. तो युरोपच्या वाटेला लागला. आणि तिथे असा एक बँड होता, ज्यानं विजेची तार मुद्दाम उपटून टाकली होती.

मिलान, १९७५

पुन्हा तेच धुकं, पण शहर बदललं आहे. भिंतींवर लाल रंगातल्या घोषणा. गाण्याच्या कार्यक्रमांना तिकीट का, असा तरुणांचा सवाल आहे, आणि तो कधी कधी फाटक तोडून विचारला जातो. १९७१ मध्ये 'लेड झेपेलिन'च्या मैफिलीत इथल्या विगोरेल्ली मैदानावर अश्रुधूर भरला होता. आता बाहेरचे बडे बँड यायला कचरतात. पार्को लाम्ब्रो बागेत हजारो मुलं तंबू ठोकून दिवसेंदिवस गाणी ऐकतात आणि वाद घालतात.

या गलक्यात तुम्ही एका खोलीत शिरता. खोलीत ढोलांचा संच नाही, ॲम्प्लिफायर नाही. जमिनीवर बासऱ्या, मोरोक्कोचे चामडी ढोल, वीणेसारखी उभी हार्प, तंबोरा, घंटा, सॅक्सोफोन. हा 'अक्तुआला'. १९७२ मध्ये वाल्तेर माइओलीनं उभा केला. पहिली तबकडी १९७३ची, दुसरी 'ला तेर्रा' १९७४ची, तिसरी 'ताप्पेतो वोलान्ते', म्हणजे उडता गालिचा, १९७६ची. तिन्ही 'ब्ला ब्ला' या छोट्या कंपनीनं काढल्या; संगीतकार फ्रान्को बात्तियातोचे सुरुवातीचे प्रयोगही तिथलेच. माइओलीचा हट्ट असा की भूमध्य समुद्राच्या काठानं चालत गेलं तर इटलीचं गाणं उत्तर आफ्रिकेशी आणि पूर्वेशी जोडलेलंच सापडतं. आपण ते विसरलो, इतकंच. हा माणूस पुढे प्राचीन रोमन वाद्यं शोधून, घडवून वाजवायला लागला. २०००च्या 'ग्लॅडिएटर' सिनेमात त्याच्या 'सिनाउलिया' गटाचे सूर वापरले गेले.

खोलीच्या मधोमध तबल्याची जोडी आहे आणि तिच्यामागे त्रिलोक गुर्टू.

सुरुवात कशाची आणि शेवट कशाचा, ते कळत नाही. बासरी एक सूर धरते, तंबोरा त्याखाली पसरतो, कुणी तरी मोरोक्कोचा ठेका हळूच सुरू करतं. तबला लगेच आत शिरत नाही. तो थांबतो, जागा पाहतो, मग डग्ग्यावर एकच घसरता बोल टाकतो, आणि खोलीतल्या सगळ्यांचा श्वास एका मापात येतो. हा थांबा कुठून आला, हे तुम्हाला ठाऊक आहे. ठुमरी गाणाऱ्याच्या शेजारी बसून तो अंगात मुरलेला आहे. युरोपात त्या वेळी भारतीय तबला-सतारीची हौस होती. रॉकच्या गाण्यात सतारीचे चार सूर पेरले की झाला 'पूर्वेचा' रंग. इथे तसं नाही. इथे तबला लय ठरवतो आणि इतर वाद्यं त्याच्याभोवती जागा शोधतात.

मुंबईतल्या मुलांनी इंग्रजी धरली, मिलानच्या मुलांनी मुंबईचा तबला. दोघांनी उसनवारीच केली. फरक एवढाच, मिलानची मुलं तबला घेऊन स्वतःच्या समुद्राकडे परत निघाली होती.

मिलान, १४ जून १९७९

संध्याकाळ. शहरातलं जुनं आरेना मैदान गच्च भरलं आहे; साठेक हजार माणसं जमल्याचं पुढे सांगितलं जाईल. पीएफएम आहे, बान्को आहे, गावोगावचे गायक आहेत. मैफल ठरली होती एका गायकाच्या उपचाराचा खर्च उभा करण्यासाठी. आदल्या दिवशी न्यूयॉर्कच्या इस्पितळात तो गेला. मैफलीची शोकसभा झाली.

देमेत्रिओ स्त्रातोस. ग्रीक आईबापांचा मुलगा, जन्म इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा, कर्मभूमी मिलान. वय ३४. त्याचा बँड 'आरेआ'. १९७३च्या पहिल्याच तबकडीतलं पहिलंच गाणं एका बाईच्या अरबी बोलण्यानं उघडतं आणि मग बाल्कन देशांकडच्या विषम लयीत घुसतं. धामणगावच्या म्हाताऱ्याला तुम्ही इथे आणलं असतंत तर त्यानं पेरांवर मोजायच्या आधीच मान हलवली असती. स्त्रातोस एकाच वेळी गळ्यातून दोन-दोन, तीन-तीन सूर काढायचा. पादुआच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या आवाजाचा अभ्यास केला. अशा माणसासाठी एवढी गर्दी जमते, म्हणजे हे गाणं निव्वळ जाणकारांचं नव्हतं. कामगार होते, विद्यार्थी होते, ढोल ऐकून धावत आलेली पोरं होती. अवघड ठेका लोकांना अवघड जातो, हा समज त्या मैदानात टिकत नाही. ओट्यावरही टिकला नव्हता.

या रात्रीनंतर इटलीच्या प्रोग्रेसिव्ह रॉकची भरती ओसरली असं म्हणतात. चांगलं गाणं ओसरत नसतं, पात्र बदलतं. मावरो पागानीनं पीएफएम १९७७ मध्येच सोडलं होतं. १९८४ मध्ये त्यानं गायक-कवी फाब्रित्सियो दे आन्द्रेबरोबर 'क्रेउझा दे मा' ही तबकडी केली, आणि ती इटालियनमध्येही नव्हती. ती जेनोवाच्या बोलीत होती. देशातल्या बहुसंख्य लोकांना न कळणारी बोली, सोबत भूमध्य काठावरची वाद्यं. अख्ख्या इटलीनं ती डोक्यावर घेतली. इंग्रजीतून इटालियनमध्ये, इटालियनमधून बोलीत: प्रत्येक पायरीला गाणाऱ्यांनी श्रोते कमी होण्याची जोखीम पत्करली आणि प्रत्येक पायरीला गाणं अधिक घट्ट झालं. वऱ्हाडी बोलणाऱ्यानं हे वाक्य दोनदा वाचायला हरकत नाही.

१९८८

आता एकच तबकडी उरली: 'उस्फ्रेत'. त्रिलोक गुर्टूच्या स्वतःच्या नावावरची पहिली. मधल्या वर्षांत तो कुठे कुठे फिरून आला. 'एम्ब्रियो' या जर्मन बँडच्या १९७७च्या 'अपो-कॅलिप्सो'वर तो वाजला, आणि तिथे आईलाही गायला घेऊन गेला. 'ओरेगॉन' या अमेरिकी गटाचा कॉलिन वॉलकॉट १९८४ मध्ये अपघातात गेला, तेव्हा त्या रिकाम्या जागेवर बसायला यालाच बोलावणं आलं. लवकरच गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनच्या त्रयीत तो जगभर वाजवेल. मंचावर त्याला बघा: ढोलांच्या संचाला स्टूल नाही, हा तबलजीसारखा खाली टेकलेला. हाताशी तबला, समोर झांजा, आणि शेजारी पाण्यानं भरलेली बादली. वाजती थाळी पाण्यात बुडवली की तिचा सूर वाकतो. एका माणसात चार वादक, अजूनही.

'उस्फ्रेत' लावा. डॉन चेरीचा ट्रंपेट आहे, राल्फ टाउनरची साथ आहे, आणि त्या सगळ्यांतून शोभाताईंचा आवाज वर येतो. वय ६३. लेकानं खालून लय कितीही कापली, तोडली, तरी त्या घाईत नाहीत. त्या घरात जशा गात होत्या तशाच गातात. रस्ता त्यांनी बदलला नाही. लेकानं जगभर हिंडून त्यांच्या दारापर्यंत रस्ता बांधून आणला.

ऐकायचं तर असं ऐका: आधी 'इम्प्रेस्सिओनी दि सेत्तेंब्रे', मग 'ताप्पेतो वोलान्ते'ची एक बाजू, मग 'उस्फ्रेत'. हे सगळं आज मोबाइलवर फुकट मिळतं, १९७२ साली मिलानच्या मुलालाही गाणं इतकं सहज मिळत नव्हतं. मूगचा आवाज काढणारी ॲपं आहेत, ध्वनिमुद्रणाचे थर चढवायला स्टुडिओ लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यात सात मात्रा सहज राखणारे हात कमी नाहीत. राहिला बँडच्या नावाचा प्रश्न. जगभर गाजलेला इटलीचा बँड जर छोट्या गावातल्या बेकरीच्या पाटीवरून नाव उचलू शकतो, तर आपल्याकडच्या पिठाच्या गिरण्यांच्या आणि जिनिंग-प्रेसिंगच्या पाट्यांत काय वाईट आहे? गाणं वऱ्हाडीत असू द्या, म्हणजे झालं.